वसई कुठल्या वर्गात टाकायची?

मंडळी, कुठल्याही संकेतस्थळावर शे-दोनशे पानं जमली की एक दिवस असा येतोच, की आपणच चढवलेली गोष्ट आपल्याला सापडत नाही. मग आपण वर्गवारीचं ॲड-ऑन टाकतो. टाकणं हे तसं दहा मिनिटांचं काम. फाईल उतरवायची, चढवायची, ‘सुरू करा’ वर टिचकी मारायची, झालं. खरी गंमत पुढे आहे. ॲड-ऑन सुरू झालं की एक साधासुधा फॉर्म समोर येतो. वर्गाचं नाव काय? त्याच्या वरचा वर्ग कोणता? याला दुसरं नाव आहे का? एका नोंदीला एकच वर्ग द्यायचा की अनेक? आणि यादी कुठल्या क्रमाने दाखवू?

दिसायला किती निरुपद्रवी प्रश्न! पण यातल्या एकेका प्रश्नापायी लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. आपण मात्र ड्रॉपडाऊनमधलं पहिलं जे दिसेल ते निवडून ‘जतन करा’ दाबतो.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या फुलपाड्यातले एक निवृत्त मास्तर. विरार पूर्वेला, पापडखिंडीच्या धरणाच्या वाटेवर, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. चाळीसेक वर्षं त्यांनी वसई तालुक्याविषयी मिळेल ते जमवलं आहे. कात्रणं, फोटो, लग्नपत्रिका, गाण्यांच्या कॅसेटी, गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेतलेल्या हकिकती. हे सगळं स्कॅन करून एका संकेतस्थळावर नीट लावायचं असं ठरलं, आणि ‘इंजिनियर’ म्हणून ते माझ्याकडे आलं. (इंजिनियर म्हणजे प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं येणारा माणूस, हे आपल्याकडे गृहीतच असतं.)

मास्तरांच्या फायलींवर विषय नाहीत. माणसांची नावं आहेत, म्हणजे कुणी दिलं त्याचं नाव. सुरुवातीला मला हा गोंधळ वाटला, पण विचार केल्यावर लक्षात आलं की तीही एक पद्धतच आहे. कुणाच्या घरातून काय आलं हे एकदा पुसलं गेलं की त्या कागदाचा अर्धा अर्थ जातो. तेव्हा पहिला निर्णय झाला. ‘कुणाकडून’ हे खातं ठेवायचंच, बाकी वर्गवारी त्याच्या शेजारी उभी करायची.

आपल्याकडे हे ‘शेजारी उभं करणं’ नवीन नाही बरं का. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेली कापडी गाठोडी. त्यातले दोन प्रकार बघा. रोजकीर्द म्हणजे रोजच्या रोज, तारखेप्रमाणे केलेल्या नोंदी. आणि घडणी म्हणजे त्याच मजकुरातून माणसाच्या किंवा खात्याच्या नावाखाली लावलेल्या नोंदी. आजच्या भाषेत एकच माहिती, दोन ‘व्ह्यू’, एक कालक्रमाने आणि एक वर्गाप्रमाणे. फरक एवढाच की दुसरा व्ह्यू तयार करायला तिथे कारकुनाला सगळं हाताने पुन्हा लिहावं लागत होतं. पुढे गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. वसईच्या मोहिमेच्या कागदांचाही त्यात खंड आहे. काम अचाट आहे, पण छापील खंडाची एक अडचण असते. पत्र एका विषयाच्या खंडात गेलं की ते तिथलंच होऊन बसतं. वसईच्या मोहिमेतल्या पत्रात दारूगोळ्याचा हिशोबही असतो आणि पावसाची हकिकतही. पण पाऊस शोधणारा माणूस मोहिमेचा खंड कशाला उघडेल?

‘वरचा वर्ग कोणता’ या प्रश्नाचं मूळ याच अडचणीत आहे. टॅक्सॉनॉमी हा शब्द द कांदोल नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली रूढ केला. त्याच्या आधी, १७३५ पासून, लिनियसने प्राणी-वनस्पतींची उतरंड मांडायला घेतलीच होती. वनस्पतीला एकच कुळ असतं, त्यामुळे तिथे झाडासारखी रचना शोभते. घोटाळा झाला तो तीच रचना ज्ञानाला लावल्यावर. अमेरिकेत मेल्विल ड्युईने १८७६ साली आपली दशांश पद्धत काढली. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे दहा पोटभाग, त्यांचे पुन्हा दहा. ग्रंथालयाच्या फडताळासाठी ही कल्पना झकास आहे, कारण पुस्तक शेवटी एकाच जागी उभं राहू शकतं. पण त्या दहांत काय बसवलं ते बघा. २०० म्हणजे धर्म. त्यातले २२० ते २८९ आकडे ख्रिस्ती धर्माला आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून २९०. हिंदू धर्म २९४.५ मध्ये. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे दशांश चिन्हाच्या पलीकडे. ड्युईला जे जवळचं त्याला ऐसपैस खोल्या आणि जे लांबचं त्याला माळा! त्याच्याकडे मुद्दाम केलेला दुष्टपणा नव्हता. त्याच्या समोरची फडताळं तशी होती, एवढंच.

आमच्या भागाची फडताळं जवळपास त्याच काळात लागली. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं. त्यातला ठाणे जिल्ह्याचा १३वा खंड दोन भागांत आणि स्थळांचा १४वा खंड, दोन्ही १८८२ सालचे. वर्णन, उत्पादन, लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय... प्रत्येक जिल्ह्याला हाच साचा. कलेक्टरच्या टेबलावरून जिल्हा कसा दिसतो, तसा तो लावला आहे. मी या खंडांवर टीका करतोय असं समजू नका. मास्तर अजूनही दर आठवड्याला त्यात काहीतरी शोधतात आणि बहुतेक वेळा ते सापडतं. पण त्यातल्या लोकसंख्येच्या प्रकरणात माणसं जाती-धर्माच्या मथळ्यांखाली लावली आहेत, आणि ते मथळे आपल्या अंगवळणी इतके पडलेत की आजही कुणी ‘वसईचं संकेतस्थळ’ म्हटलं की पहिली सूचना येते, ‘समाजवार वर्ग करा ना!’ याच्याकडे मी पुढे येतो.

आधी भूगोल. मला वाटलं होतं की निदान गावांची उतरंड तरी सरळ असेल. महाराष्ट्र, त्याखाली जिल्हा, तालुका, गाव. फॉर्ममध्ये ‘वरचा वर्ग’ भरत गेलो की झालं. पण मास्तरांच्या पेटीतला कुठलाही कागद उचला. १९८०च्या कात्रणावर ‘जि. ठाणे’ आहे. २०१६च्या कात्रणावर ‘जि. पालघर’ आहे, कारण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. मधल्या काळात, जुलै २००९ मध्ये, वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. तिच्यात जायला अनेक गावांचा विरोध होता. २०११ साली २९ गावं वगळण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि मग ते प्रकरण उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं राहिलं. म्हणजे ‘या गावाच्या वरचा वर्ग कोणता’ हा प्रश्न आमच्याकडे लोकांनी मोर्चे काढून विचारला आहे. त्याच्यावर पाणीपट्टी, बांधकामाची परवानगी, शेतजमिनीचं भवितव्य असं सगळं अवलंबून असतं. ते मी ड्रॉपडाऊनमधून कसं ठरवणार?

आणि हे फक्त गेल्या चाळीस वर्षांचं झालं. मागे जा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. १७८० मध्ये इंग्रजांनी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांकडे परत आली. पुढे इंग्रजांचा मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. गाव जागचं हललेलं नाही, वरचे वर्गच बदलत गेले. झाडाची रचना यात पार मोडून पडते. मी शेवटी काय केलं, तर गावाच्या वर काहीच ठेवलं नाही. फुलपाडा म्हणजे फुलपाडा, निर्मळ म्हणजे निर्मळ. ‘सत्ता आणि प्रशासन’ ही वेगळी यादी केली आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी दोन सालांची खाती जोडली. ॲड-ऑनमध्ये ही सोय तयार नव्हती, जास्तीची दोन खाती लावून घ्यावी लागली. पण आता १९८०चं कात्रण ठाणे जिल्ह्यात दिसतं, २०१६चं पालघरमध्ये, आणि गाव दोन्हीकडे तेच राहतं.

पुढचा प्रश्न म्हणजे ‘याला दुसरं नाव आहे का?’

आहे का म्हणजे काय! वसईलाच घ्या. पोर्तुगीज कागदांत बासाईं, इंग्रजीत बसीन, मराठ्यांनी जिंकल्यावर ठेवलेलं बाजीपूर. रेल्वे स्टेशनचंही जुनं नाव ‘बसीन रोड’ होतं. सोपाऱ्याची तर आणखी मजा आहे. संस्कृतात शूर्पारक, ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पारा, टॉलेमीकडे सूपारा, आणि आज लोकलच्या पाटीवर नालासोपारा. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधला. १९५६ मध्ये भुईगावजवळ नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. यांच्याविषयी इंग्रजीत वाचून आलेला माणूस ‘सोपारा’ शोधणार, संस्कृतवाला ‘शूर्पारक’ शोधणार, आणि आमच्या बिल्डिंगमधला पोरगा ‘नालासोपारा’ शोधणार. तिघांनाही एकच फाईल मिळाली पाहिजे.

याच्या उलटही होतं, एक नाव आणि गोष्टी दोन. ‘वसईचा तह’ म्हटलं की शाळेतला धडा आठवतो, ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव आणि इंग्रज. पण १५३४चा बहादूरशहाचा तहही वसईचाच तह. दोन्ही एका वर्गात टाकले तर पाव शतक नाही, अडीच शतकांहून जास्त अंतर एका टिचकीत गडप होतं.

ड्रुपल हे सॉफ्टवेअर ड्रीस बायटार्टने २००१ साली खुलं केलं. त्याच्या टॅक्सॉनॉमी मॉड्यूलच्या जुन्या आवृत्त्या ज्यांनी वापरल्या असतील त्यांना आठवेल, की तिथे प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्दांची चौकट असायची. वरचे वर्गही एक नाही, अनेक देता यायचे. म्हणजे त्या मंडळींनी ग्रंथपालांची पुस्तकं उघडून पाहिली होती हे नक्की. २०११च्या सातव्या आवृत्तीत ती समानार्थींची चौकट मूळ मॉड्यूलमधून गेली, हवी असेल तर आपली आपण जोडून घ्या असं झालं. फारसं कुणी वापरत नसेल म्हणून काढली असणार. ज्यांच्या गावाला एकच नाव आहे त्यांना ती लागत नसेलही. आमच्याकडे तिच्यावाचून पान हलत नाही.

आता क्रम. इथे मी थोडा जास्त वेळ रेंगाळणार आहे, कारण हा माझा आवडता विषय आहे.

ज्ञानकोशकार केतकर आपल्याला माहीत असतात, पण त्यांच्या कोशाची रचना फारशी कुणी बघत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे त्याने २३ खंड काढले. त्यातले पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच! ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’, ‘विज्ञानेतिहास’ असे ते विषयवार आहेत. मग सहाव्यापासून अ, आ, इ अशा क्रमाने नोंदी लागतात, आणि बाविसावा खंड आख्खा सूचीचा. म्हणजे एका वाचकासाठी तीन दारं. ज्याला विषय समजून घ्यायचा आहे तो प्रस्तावनेतून येईल, ज्याला शब्द माहीत आहे तो अकारविल्ह्यातून, आणि ज्याला नुसता एक धागा आठवतोय तो सूचीतून. आज आपण मेनू, ‘अ ते ज्ञ’ ची पट्टी आणि शोधाचा डबा हे तिन्ही एकाच पानावर ठेवतो, आणि ही कल्पना आपल्याला पश्चिमेकडून आल्यासारखी वाटते. केतकरांनी वर्गणीदार जमवत, पैशांची ओढाताण सोसत हे १९२०च्या दशकात शाईने छापून दाखवलं होतं.

तर मी मोठ्या उत्साहाने ‘अकारविल्हे लावा’ हा पर्याय निवडला. यादी आली. तलाव, तळे, तह.

शाळेत आपण काय शिकलो? ...श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. म्हणजे ‘ळ’ ‘ह’ च्या नंतर, आणि क्रम तलाव, तह, तळे असा हवा. पण यंत्राच्या हिशोबात अक्षरांना युनिकोडचे आकडे असतात, आणि तिथे देवनागरीच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे बसवलेला आहे. अनेक लिपींना समांतर ठेवणारा तक्ता करताना ती जागा सोयीची होती, मराठी बाराखडीशी तिला देणंघेणं नव्हतं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर स्वतंत्र आकडाच नाही. ते क्+ष आणि ज्+ञ. म्हणून ‘क्षेत्र’ हा शब्द ‘कौल’ नंतर ‘क’ मध्येच दिसतो आणि शेवटी शोधणारा शोधत बसतो. ‘ॲ’ ची गत आणखी न्यारी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर सगळ्या जागा भरल्या होत्या, म्हणून त्याला तक्त्यात पार मागची खुर्ची मिळाली. आमच्या यादीत ‘ॲल्बम’ हा शब्द ‘हरित वसई’ च्याही खाली जाऊन बसला होता!

युनिकोडवाल्यांना हे माहीत नाही असं नाही. त्यांच्या सीएलडीआर नावाच्या भांडारात मराठीच्या क्रमाचे वेगळे नियम ठेवलेले आहेत. महाराष्ट्र सरकारनेही ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमाला प्रमाण करणारा शासन निर्णय काढला आणि १० नोव्हेंबर २०२२ ला सुधारित निर्णय काढला. नियम सगळे आहेत. पण ॲड-ऑन लिहिणाऱ्याने डेटाबेसला ‘क्रमाने दे’ एवढंच सांगितलं असेल तर डेटाबेस आपल्या समजुतीने देतो. मी यादी डेटाबेसकडून न लावता नंतर मराठीच्या नियमांनी लावून घेतली. कोड जेमतेम पंधरा ओळींचा. पण हे न करणारी मराठी संकेतस्थळं काढली तर ढीग होईल, आणि गंमत म्हणजे तक्रार कुणी करत नाही. आपल्याला मराठी यादी विस्कटलेली असण्याची सवयच झाली आहे.

असो. आता समाजवार वर्गांकडे येतो.

मास्तरांकडे लग्नातल्या गाण्यांच्या कॅसेटी आहेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत फिरून त्यांनी ध्वनिमुद्रण केलेल्या. गाणाऱ्या बायका काही घरांत सामवेदी ब्राह्मण आहेत, काही घरांत कुपारी ख्रिस्ती. पहिल्या विकांताला मी सरळ दोन वर्ग केले, ‘हिंदू लग्नगीतं’ आणि ‘ख्रिस्ती लग्नगीतं’, आणि मास्तरांना दाखवले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी नुसत्या दोन कॅसेटी एकामागून एक लावल्या.

“ऐकलंस? बोली कुठली?”

“सारखीच वाटते सर.”

“वाटते नव्हे, आहेच. कादोडी. सामवेदी म्हण, कुपारी म्हण. धर्म दोन झाले, बोली एकच राहिली. आणि तू तिचे दोन तुकडे करून दोन कपाटांत ठेवतोयस.”

बोली म्हणून कादोडी ही जेमतेम या काही गावांपुरती. तिच्यात छापलेलं फार थोडं. उद्या कुणी तिचा अभ्यास करायला आलं आणि तिला ‘हिंदू’ खाली अर्धी आणि ‘ख्रिस्ती’ खाली अर्धी सापडली, तर त्याला ती एक बोली आहे हे कळायलाच वेळ लागेल. ड्युईच्या आकड्यांतही हेच झालं असतं, एक २८० च्या घरात, दुसरं २९४ मध्ये, मधे आख्खं फडताळ. आणि १८८२च्या साच्यातही हेच.

यातून वाट काढली ती रंगनाथन यांनी. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला, असं सांगतात. त्याच त्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तसं खेळणं. त्यांनी विचार केला की विषयाला आधीपासून ठरलेल्या खोलीत कोंबण्याऐवजी विषयाचे सुटे भाग का करू नयेत? १९३३ साली त्यांची कोलन पद्धत छापून आली. पुढे त्यांनी पाच पैलू पक्के केले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ, काळ. प्रत्येक पुस्तकाला विचारायचं, तू कशाविषयी आहेस, कशाचा बनलास, त्यात काय घडतंय, कुठे, केव्हा? आज कुठल्याही खरेदीच्या ॲपवर आपण डाव्या बाजूला रंग, माप, किंमत असे चौकोन टिकवतो, ते रंगनाथनच आहेत. ग्रंथालयांनी मात्र बहुतेक ठिकाणी ड्युईच ठेवला. रंगनाथन यांचा आकडा पुस्तकाच्या पाठीवर लिहायला लांबलचक आणि अवघड पडायचा. त्यांची पद्धत फडताळापेक्षा संगणकाला जास्त मानवणारी होती, आणि संगणक यायला अजून वेळ होता.

आम्ही शेवटी एक झाड काढून पाच याद्या केल्या. स्थळ, काळ, बोली, प्रसंग आणि व्यक्ती. लग्नगीतांना आता बोली ‘कादोडी’, प्रसंग ‘लग्न’, स्थळ त्या त्या गावाचं. धर्म? मास्तर म्हणाले, गाण्यात तो असेल तर दिसेल. चर्च किंवा देऊळ गाण्यात आलं तर तशी खूण कर, गाणारीच्या आडनावावरून करू नकोस. समाजाची यादी आम्ही ठेवलेलीच नाही. यावर वाद होऊ शकतो, मला मान्य आहे. वाडवळ, आगरी, कोळी, वारली यांचं आपापलं काही आहे आणि ते नावानिशी दिसलं पाहिजे असं म्हणणाराही चुकीचं बोलत नाही. त्या शब्दांनी शोधलं तर नोंदी सापडतात, तेवढं केलं आहे. पण मुखपृष्ठावरच्या मेनूत माणसांची कप्पेबंद रांग नको, यावर मी आणि मास्तर ठाम आहोत.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयीच्या फाईलवर हे सगळं एकदम तपासून झालं. जन्म वसईतल्या नंदाखालचा, कॅथलिक धर्मगुरू, अनेक वर्षं ‘सुवार्ता’चे संपादक, ‘हरित वसई’ चळवळीचे नेते, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष (आणि ते शहरही आता धाराशिव). २५ जुलै २०२४ ला ते गेले. झाडाच्या रचनेत ते बहुधा ‘ख्रिस्ती’ खाली गेले असते आणि पाणी, शेती, बिल्डरशाही यांच्याविषयी शोधणाऱ्याला दिसलेही नसते. सुट्या याद्यांत ते चार ठिकाणी भेटतात.

ज्यांना हे ॲड-ऑन प्रत्यक्ष लावायचं आहे त्यांच्यासाठी दोन बारीक गोष्टी. एक म्हणजे ‘शेतकऱ्यांचे’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. आमच्याकडे ‘शेतकऱ्यांचे आंदोलन’ या नावाचे दोन वर्ग तयार झाले होते, एकात सात नोंदी, एकात चार. नोंद जतन होण्याआधीच एका रूपात बदलून घ्या. दुसरी गोष्ट पत्त्याची. वर्गाच्या नावावरून ॲड-ऑन आपोआप पत्ता बनवतं आणि पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत लिहिलं जातं. पत्त्याची मर्यादा २०० असेल तर बाविसाव्या चिन्हाला गाडी थांबते. परिणामी आमच्या पत्त्यात ‘वसई-विरार शहर महानगरपालिका’ ची ‘महानगरपालि’ झाली होती. ‘का’ बाहेर राहिला. मोठ्या नावांना छोटा पत्ता हाताने द्या.

सध्या ‘व्यक्ती’ ही यादी भरणं चालू आहे आणि तीच सगळ्यात सावकाश चालते. फोटोंच्या मागे नावं क्वचितच लिहिलेली आहेत, बहुतेक नावं फक्त मास्तरांच्या डोक्यात आहेत, आणि मास्तर आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दर रविवारी सकाळी ते खुर्ची ओढून बसतात, मी फोटो मोठा करतो आणि ते डावीकडून नावं सांगत जातात. मध्येच कुणाची तरी गोष्ट निघते आणि तासभर तिथेच जातो. गेल्या रविवारी चौदा फोटो झाले. दोन फोटोंतली माणसं त्यांनाही ओळखता आली नाहीत. एक आगाशीच्या तळ्याकाठचा आहे, दुसरा विरार स्टेशनवरचा. ते ‘अनोळखी’ असा वर्ग करून त्यात टाकलेले नाहीत, स्थळ आणि अंदाजे दशक यांच्याखाली ठेवले आहेत, आणि नावाचं खातं रिकामं सोडलं आहे. घरी कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना दाखवा.